चपळ फायटर म्हणजे चोर नव्हे

खडकीत आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रविवारी दुपारी बसतो. जेवणाचं टेबल, त्यावर चौकटी आखलेला चुरगळलेला नकाशा, बाजूला चहाचे कप आणि बाजारातून आणलेली कांदाभजी. तेलकट बोटांनी फासे टाकायचे नाहीत, एवढा एकच नियम आम्ही एकमताने केला आहे आणि एकमतानेच मोडतो. गेल्या पावसाळ्यात एक नवी मुलगी खेळायला आली. तिने आपलं कॅरेक्टर मांडलं: फायटर, हातात रेपियर, अंगावर चामड्याचं चिलखत, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई 16. आमच्यातल्या सर्वांत जुन्या खेळाडूंनी कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हा फायटर आहे की चोर?"

सगळे हसले. मीही हसलो आणि घरी जाताना त्या हसण्याची लाज वाटली. कारण प्रश्न गमतीचा असला तरी त्यामागचं मत गमतीचं नाही. ते खूप जणांचं आहे आणि चुकीचं आहे.

त्यांचं म्हणणं असं. फायटर हा समोर उभा राहणारा गडी. मार खायचा, मार द्यायचा, मागच्या जादूगाराच्या अंगाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. यासाठी ताकद लागते, लोखंड लागतं. डेक्स्टेरिटीवर फायटर बांधणारा माणूस एकाच आकड्यातून हल्ला, बचाव, आधीची पाळी आणि आगीच्या गोळ्यापासून सुटका असं सगळं उकळू पाहतो. म्हणजे हिशेब चोराचा आणि पाटी फायटरची.

ही समजूत आली कुठून? 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा या वर्गाचं नाव होतं 'फायटिंग मॅन' आणि त्याचा मुख्य गुण ताकद. डेक्स्टेरिटी बाण किंवा भाला फेकताना कामी यायची, तलवारीच्या हाताला तिचा उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत 'थीफ' आला आणि सातबाऱ्यावर नाव चढावं तशी चपळाई त्याच्या नावावर चढली. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत फायटरला थोडी सवलत मिळाली: 'वेपन फिनेस' हे खास कसब घेतलं तर नेम चपळाईने धरता येई, पण घावात ताकदच मोजली जाई. नेम आणि घाव दोन्ही चपळाईवर घेण्याची सरसकट मुभा, निदान रेपियरसारख्या हलक्या धाटणीच्या शस्त्रांना, 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आली. चाळीस वर्षं एखादी गोष्ट एका पद्धतीने झाली की ती निसर्गनियम वाटू लागते. आमच्या जुन्या खेळाडूंचं तसंच झालं आहे.

आता आकडे. आमच्या टेबलावर 2014 चेच नियम चालतात, तेव्हा हिशेब त्यांचाच. एका हातात लाँगस्वोर्ड आणि दुसऱ्यात ढाल घेणारा ताकदवान फायटर आठ बाजूंचा फासा टाकतो, त्यात ताकदीचे 5 आणि 'ड्युएलिंग' शैलीचे 2 मिळवतो. सरासरी साडेअकरा. रेपियरवाल्याचा फासा तोच, चपळाईचे 5, शैलीचे 2. सरासरी साडेअकरा. कणभर फरक नाही. बचावात सुरुवातीला तो मागे असतो, हे कबूल: साखळी चिलखत आणि ढाल मिळून 18, आणि या मुलीचं चामडं, चपळाई व ढाल मिळून 16. पण पुढे डेक्स्टेरिटी 20 झाली की 45 सोन्याच्या नाण्यांचं खिळे ठोकलेलं चामडं आणि ढाल मिळून 19 होतात. पोलादी प्लेट आणि ढालीचे 20, आणि त्या प्लेटची किंमत 1500 नाणी. एका आकड्यासाठी एवढं मोजायचं आणि वर लपूनछपून जाताना दोन फासे टाकून त्यातला लहान घ्यायचा. शिवाय उडणारा शत्रू आला की प्लेटवाला भाला फेकून वर बघत बसतो, आणि चपळ फायटर त्याच डेक्स्टेरिटीवर धनुष्य उचलतो.

दोन्ही हातांनी भली मोठी तलवार चालवणारा मात्र घावात पुढे जातो, हे मी लपवत नाही. तिथे चपळाई हरते. हरू दे. सगळीकडे जिंकायचं असेल तर फासे कशाला हवेत?

यावर उत्तर येतं की कागद सोडा, खऱ्या अंगमेहनतीत ताकदीपुढे चपळाईचं काय चालतं? याचं उत्तर शोधायला मला अमेरिकेला जावं लागत नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन अजस्र पहिलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले, आणि बाळंभटांनी ते स्वीकारलं. वणीच्या सप्तशृंगीला त्यांनी उपासना केली, माकडांच्या झाडावरच्या हालचालींवरून खांबावरचे, म्हणजे मल्लखांबाचे, डाव बसवले, अलीला चीत केलं, आणि ते पाहून गुलाबने माघार घेतली. गोष्टीतला दैवी भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त आहे, तेव्हा खांब जुनाच. पण एरंडेल लावलेल्या त्या खांबावर शरीर तोलण्याची विद्या बाळंभटांनी पुन्हा उभी केली, हे सर्वमान्य आहे. आणि ही विद्या कुस्तीसाठी होती. समोरासमोरच्या, पळायला जागा नसलेल्या झुंजीसाठी. तिला चोराची विद्या म्हणण्याची कोणाची छाती आहे?

इथे आमचे जुने खेळाडू हुकमाचं पान टाकतात. "तू राहतोस कुठे?" ते विचारतात. "खडकीत ना? मग चपळाईचं काय होतं ते तुझ्या अंगणातच झालंय."

पान खरंच जड आहे. 5 नोव्हेंबर 1817, खडकीची लढाई. गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधला हाच टापू. इतिहासकार ग्रँट डफने दिलेले आकडे घेतले तर पेशव्यांकडे 18,000 घोडेस्वार, 8,000 पायदळ आणि 14 तोफा. इंग्रजांकडे सगळे मिळून 2,800. घोडदळ म्हणजे चपळाईचा कळस, आणि तेही मराठ्यांचं. इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या फौजेला येऊन मिळाला आणि बचावाला न बसता ती लहानशी फौज कर्नल बरच्या हाताखाली पुढे चालून आली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी घोडदळ सोडलं. इंग्रजांच्या डाव्या बाजूची एक पलटण पाठलागात पुढे निघून आली होती, तिच्यावर निवडक स्वार तुटून पडले. मध्ये एक दलदल होती. ती कोणाच्याच ध्यानात आलेली नव्हती. पुढचे घोडे तिच्यात कोसळले, मागचे त्यांच्यावर आले, आणि तोवर बंदुका राखून धरलेल्या शिपायांनी जवळून फैर झाडली. जरीपटका सांभाळणारे मोर दीक्षित त्या दिवशी पडले. बाजीराव हे पर्वतीवरून पाहत होते. मराठ्यांची हानी सुमारे 500, इंग्रजांची 86.

आता या पुराव्यातून निघतं काय? जड माणूस जिंकला असं निघत नाही. त्या शिपायांच्या अंगावर कुठे प्लेट होती? त्यांच्याजवळ होती ती शिस्त, राखून ठेवलेली गोळी आणि पायाखालची कोरडी जमीन. आणि पहिली चाल कोणी केली? संख्येने नवव्या हिश्श्याच्या फौजेने. आमच्या भाषेत इनिशिएटिव्ह, म्हणजे आधीची पाळी, तिकडे गेलं. जे हरलं ते जमीन न पाहता उधळलेलं चापल्य. याच बाजीरावांच्या आजोबांनी 1728 च्या फेब्रुवारीत पालखेडला घोड्यांच्याच जोरावर निजामाला टेकीला आणलं होतं. त्याला तोफखान्यापासून दूर ओढत नेलं, कोंडलं आणि पाणी तोडलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. घोडे तसेच, घराणं तेच. आजोबांनी जागा निवडली, नातवाच्या फौजेला जागेने गाठलं. आमच्या नियमपुस्तकातही दलदल ही 'डिफिकल्ट टेरेन' असते: तीस फुटांची चाल पंधरावर येते, चामडेवाल्याची आणि प्लेटवाल्याची सारखीच. तेव्हा खडकीची लढाई चपळ फायटर बांधू नका असं सांगत नाही. तो कुठे उभा करायचा, ते सांगते.

इतकं बोलल्यावर मला आपल्याच पक्षातल्या काही मंडळींचे कान धरायचे आहेत. चपळ फायटरची बदनामी खरी केली ती त्यांनी. डेक्स्टेरिटी चढवायची आणि स्ट्रेंग्थ 8 वर टाकायची, कारण 'तिचा उपयोगच नाही'. अहो, पुस्तक उघडून बघा. धावत येऊन मारायची लांब उडी स्ट्रेंग्थच्या आकड्याइतके फूट. आठ ताकदीचा हा चपळ वीर आठ फूट उडी मारतो. नऊ फुटांचा नाला आला की तो काठावर उभा. चढणं, पोहणं, शत्रूला कवेत धरणं हे सगळं ताकदीचं. मल्लखांबावरच्या पोराच्या मांडीची आणि बोटांची पकड पाहिली आहे का? त्याला स्ट्रेंग्थ 8 म्हणाल? तसलं कॅरेक्टर चपळ नसतं, काडी असते. त्याला कोणी चोर म्हटलं तर मी मध्ये पडणार नाही.

दुसरी खोड म्हणजे मारून पळण्याची. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पाऊल टाकलं की त्याला फुकटचा एक वार मिळतो. तो टाळायचा तर 'डिसएंगेज'मध्ये अख्खी कृती खर्च होते. 'रोग'ला, म्हणजे खेळातल्या आजच्या चोराला, दुसऱ्या लेव्हलपासून ती सूट स्वस्तात मिळते, फायटरला नाही. म्हणजे नियमच सांगतात की फायटरची चपळाई पळण्यात नाही. समोर उभं राहून चुकवण्यात आहे. हूल द्यायची, घाव रिकामा जाऊ द्यायचा आणि त्या रिकाम्या क्षणात शिरायचं. बॅटल मास्टर या फायटरच्या उपप्रकाराचा 'रिपोस्ट' हा डाव नेमका हाच: शत्रूचा वार चुकला की आपल्या रिअ‍ॅक्शनमध्ये उलटा वार, आणि लागला तर घावात आठ बाजूंच्या फाशाची भर. तिसऱ्या लेव्हलला असे चार फासे मिळतात आणि थोड्या विश्रांतीनंतर भरून येतात.

म्हणून मी त्या मुलीचा कागद पुन्हा मांडायला बसलो. 15, 14, 13, 12, 10, 8 हे नेहमीचेच सहा आकडे. 15 डेक्स्टेरिटीला, वंशाची भर मिळून ते 16 होतात. 14 काटकपणाला, कारण घाव लागणारच. 13 स्ट्रेंग्थला. यावर तिचा माझा वाद झाला, पण तेरा फुटांची उडी तिला पटली. 12 विस्डमला, कारण दलदल डोळ्यांनी दिसते, तलवारीने नाही. इंटेलिजन्स 10. उरलेले 8 कॅरिस्माला गेले. तिचा फायटर फारसा बोलत नाही, एवढंच.

मग शस्त्र. रेपियर का, असं मी विचारलं. ती म्हणाली, पुस्तकात तेच होतं. इथे माझी खरी तक्रार आहे. चपळ म्हटलं की आपल्याला टोकदार युरोपी तलवार आणि पिसाची टोपीच का आठवते? 2024 साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र ठरलेला दांडपट्टा घ्या. मूठ खोबळ्याच्या आत असते, हात पुढून लोखंडाने झाकलेला, मनगट जवळजवळ बांधलेलं. म्हणजे रेपियरचा सगळा मनगटी खेळ इथे बाद. पट्टा खांद्यातून, कमरेतून, पावलातून फिरतो. मर्दानी खेळात तळहातावरचं लिंबू कापतात तेव्हा बघा, पातं जितकं फिरतं त्याहून माणूस जास्त फिरतो. चपळाई बोटांत असते हा चोरांवरून आलेला समज इथे गळून पडतो. आम्ही टेबलापुरता नियम ठरवला: घाव रेपियरइतकाच, पण कापणारा. हातातून कोणी पाडू शकत नाही. आणि पट्टा चढवलेल्या हाताने दार उघडता येत नाही, औषधाची बाटली काढता येत नाही. जुन्या खेळाडूंना ही शेवटची अट फार आवडली. फुकट काही मिळत नाही म्हटल्यावर त्यांचा विरोध निम्मा झाला.

ती तिसऱ्या लेव्हलला पोचली त्या रविवारी डीएमने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, मुद्दामच नकाशावर दलदल काढली. पलीकडून तीन ऑर्क. माझा हात फाशाकडे गेला होता, पण तिने आधी विचारलं, "चिखल नक्की कुठून कुठपर्यंत आहे?" डीएमने पेन्सिलीने कड गडद केली. तिने आपली सोंगटी कडेच्या अलीकडे, कोरड्या चौकटीत ठेवली आणि पुढे गेलीच नाही. येऊ दे त्यांना, म्हणाली. आमच्या जुन्या खेळाडूंनी काही न बोलता आपला प्लेटवाला उचलला आणि तिच्या डाव्या हाताला, एक चौकट सोडून, ठेवला.

पहिला ऑर्क चिखल तुडवत कडेला पोचला. डीएमने फासा टाकला, तो भज्यांच्या ताटलीवर आपटून टेबलाखाली गेला. सगळे खाली वाकलो. चार पडले होते. वर आलो तेव्हा तिने आठ बाजूंचा फासा आधीच मुठीत घेतला होता.