ढगाळ दिवसाचा फोटो जास्त महागात पडतो

मोर्शीहून नागपूरला शिकायला गेलेल्यांना सोनेगाव ठाऊक असेलच. तिथल्या धावपट्टीवर प्रवासी विमानं उतरतात आणि हवाई दलाचीही. पावसाळ्यात ढग खाली आले की आधी नुसता आवाज येतो, विमान दिसतं ते अगदी उतरताना. मोबाइल बाहेर निघणारच! एवढ्या धुरकट फोटोतून कोणाला काय कळणार, असंच वाटतं ना?

उलट विचार करून बघा. उपग्रहांचे साधे कॅमेरे ढगांच्या आरपार बघू शकत नाहीत. रडारवाले उपग्रह बघतात, पण शेपटीवर रंगवलेला नंबर त्यांना वाचता येत नाही. म्हणजे आभाळ भरलेलं असताना कोणतं विमान कधी उतरलं, हे सांगतो तुमचा मोबाइल. वर स्टोरीत वेळ अन् लोकेशनही आपणच टाकतो.

पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला केंद्रानं माध्यमांसोबत सोशल मीडिया वापरणाऱ्यांनाही सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका म्हटलं, ते उगाच नाही.

मग छंदच गुन्हा? तसं नाही. २००१ मध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच विमानवेड्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. वर्षभरानं अपिलात ते निर्दोष सुटले, पण तोवर तुरुंग, जामीन, कोर्ट सगळं भोगून झालं होतं. आपल्याकडे तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे.

तेव्हा सोनेगावला डोळे भरून बघा, मोबाइल खिशात ठेवा. आणि विमानं बघायचीच हौस असेल, तर अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ पासून मुंबईचं एटीआर येतंय.