पौर्णिमेआधीच निघणाऱ्या होड्या

आम्ही पिंपळवंडीची माणसे कुकडीच्या पाण्यावर वाढलेली. समुद्र आमच्या लेखी घाटाखालचा. तरीही नाते जुने आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत असे. किनाऱ्यावरचे कोळी आजही चैत्रात आपल्याच पुणे जिल्ह्यात, कार्ल्याच्या डोंगरावर, एकवीरा आईच्या दर्शनाला येतात.

आळेफाट्याहून माळशेज उतरून कल्याणमार्गे पालघर गाठले की सातपाटी जवळच. पापलेटसाठी नावाजलेल्या या गावी मी नारळी पौर्णिमेला गेलो. पताका लावलेल्या होड्या, वाजतगाजत निघालेली मिरवणूक, दागिने ल्यालेल्या बायका, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ आणि घरोघरी नारळीभात. पाहुण्याने हरखून जावे असाच हा सोहळा. पण त्याचा अर्थ मिरवणुकीत नाही, त्याआधीच्या थांबण्यात आहे.

जून-जुलैत दर्या खवळलेला असतो आणि अनेक माशांचा अंडी घालण्याचा काळही पावसाळ्याच्या आसपासचाच. म्हणून होड्या ओढून ठेवायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळ वाहिल्यावरच पाण्यात उतरायचे. पूर्वजांनी व्यवहाराचे शहाणपण श्रद्धेच्या स्वाधीन केले, म्हणून ते पाळले गेले.

आज हा हिशेब विस्कटला आहे. सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची. नारळी पौर्णिमा मात्र तिथीने चालते. 2023 साली अधिक श्रावणामुळे ती 30 ऑगस्टला आली, 2024 साली 19 ऑगस्टला. म्हणजे कायद्याने दर्या मोकळा झाल्यानंतर कधी अडीच आठवडे, कधी महिनाभराने नारळ पाण्यात पडतो. मधल्या काळात रूढी पाळणाऱ्याने काय करावे? डोक्यावर कर्ज असते, खलाशांना पगार द्यायचा असतो. एकट्याने थांबायचे म्हणजे शेजारच्या मोठ्या ट्रॉलरला मासे सोडायचे. हा काही कोणाच्या श्रद्धेचा दोष नव्हे. सर्वांनी पाळला तरच परवडणारा नियम एकट्याच्या माथी आला की तो मोडणारच.

याचा फटका पापलेटला बसतो. सप्टेंबर 2023 मध्ये शासनाने चंदेरी पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासा पकडण्यास बंदी घातली. निर्णय योग्यच. पण बारीक जाळ्यात सापडलेले पिल्लू बाजारात खपते तोवर नियम कागदावरच राहणार. बियाण्यासाठी राखलेला कांदा विकून टाकणाऱ्याला आपण जुन्नरकर काय म्हणू? समुद्रात नेमके तेच चालले आहे. फरक एवढाच की तिथे बियाणे कोणा एकाच्या मालकीचे नाही.

त्यात याच जिल्ह्यात वाढवण बंदर येत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला 76 हजार कोटींच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. मासेमारीचे क्षेत्र जाईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. आधीच मासा घटलेला, त्यात जागाही आखडली, तर तरुणाने होडी का सांभाळावी?

माझ्या मते बंदी निदान 15 ऑगस्टपर्यंत वाढवावी, लहान होडीवाल्यांना त्या दिवसांची भरपाई द्यावी आणि तपासणी बंदरावर तशी बाजारातही करावी. आपणही हातभार लावू शकतो. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले तरी पिशवीत घालू नये.

उत्सव टिकवणे सोपे आहे. बँड आणि पताका दरवर्षी मिळतील. टिकवायची आहे ती नारळ वाहण्याआधीची सबुरी. ती गेली, तर पौर्णिमेला मिरवणूक निघेल, पण दुसऱ्या दिवशी होड्या रिकाम्या परततील.