हळवे, गरवे आणि हापूस

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मात्र तो वेळेवर पडेल याची हमी कधीच नव्हती. म्हणून जुन्या माणसांनी एकाच भातावर भिस्त ठेवली नाही. भरडीवर हळवे, मधल्या कुणग्यांत निमगरवे, पाणथळ मळ्यात गरवे आणि खाडीलगत खारे पाणी सोसणारे वाण. पाऊस लवकर आटोपला तर हळवे पदरात पडे, लांबला तर गरवे. पुढे शिरगावच्या संशोधन केंद्राने ‘रत्नागिरी २४’सारखे वाण दिले, १९७२ मध्ये दापोलीला विद्यापीठ आले; उत्पन्न वाढले, मुणगा-वालयसारखे जुने वाण मागे पडले. तरी भाताचे एक बरे. परतीच्या पावसाने उभे हळवे आडवे केले, तर पुढच्या मृगाला वाण बदलता येतो.

आंब्याला ही सोय नाही. कलम धरायलाच पाच-सात वर्षे जातात, आणि मग ते दोन पिढ्या पोसते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कातळ फोडून बागा उभ्या राहिल्या, त्यात मुख्यतः हापूस. कलम म्हणजे एकाच झाडाच्या प्रती; त्यामुळे सगळ्यांचे दुखणेही एकच. थंडी रेंगाळली की पुन्हा मोहर फुटतो आणि आधीची वाटाण्याएवढी फळे गळतात. मार्चच्या उन्हात कातळ तापला की फळात साका धरतो: वरून केशरी, कापल्यावर आत पांढरट, आंबट, पोकळ.

यावर उतारा नव्हता असे नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, तो १९८१ मध्ये. नियमित धरणारा, साका नसलेला. पण बाजारात भाव पेटीवरच्या नावाला मिळतो. २०१८ च्या भौगोलिक मानांकनाने ते नाव आणखी वजनदार झाले. अभिमान रास्तच, पण वाण निवडण्याचा हक्क शेतकऱ्याकडून वाशीच्या बाजाराकडे गेला, हेही खरे. अशा वेळी बागायतदाराला ‘हापूसचा मोह सोडा’ म्हणणे म्हणजे फुकटचा सल्ला.

२०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा मोडल्या, तेव्हाच नांग्या भरताना वाण मिसळता आले असते. आता निदान जुन्या बागांच्या पुनर्लागवडीचे अनुदान काही झाडे वेगळ्या वाणाची लावण्याशी जोडावे, आणि ती धरेपर्यंतची तूट सरकारने सोसावी.