पहिले पांढरे केस आणि ‘काळी मेंदी’

कानशिलाजवळ चार-पाच पांढरे केस दिसले की लगेच डाय आणायला धावू नका. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्यासाठी सगळं डोकं रंगवू नये. एकदा सुरू केलं की महिनाभरात मुळं पांढरी दिसू लागतात आणि मग ते सुटत नाही.

‘डॉक्टर, मी डाय नाही, काळी मेंदी लावते,’ असं अनेकजणी सांगतात. अहो, मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-केशरी! पाकिटातली मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करत असेल, तर तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या डायमध्येही ते असू शकतं. काहींना त्याची ॲलर्जी येते: टाळूला खाज, कानामागे पुरळ, सकाळी पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडत नाहीत. वर्षानुवर्षं तोच डाय लावणाऱ्यांनाही ती अचानक येते आणि सहसा जन्मभर राहते.

तरी रंगवायचेच असतील (घरात लग्नकार्य असतं, कळतं मला) तर प्रत्येक वेळी आधी कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा. पूर्वी कधी पुरळ किंवा सूज आली असेल तर ही चाचणीही घरी करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पंचविशीच्या आतच केस पिकू लागले असतील तर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि ते चार-पाच केस? कात्रीने कापा. एक उपटला की दहा येतात हे खरं नाही, पण सारखं उपटून मूळ मात्र दुखावतं.