रविवारच्या रात्रीचा खिमा

आधीच सांगून टाकतो, हा लेख पाककृतीचा नाही. म्हणजे पाककृती मध्ये येणारच आहे, पण मुद्दा वेगळा आहे आणि तो रेक्टर सरांच्या ऑफिसपर्यंत पोचावा अशी इच्छा आहे. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी घरी बोललो, लिहिली ती फक्त परीक्षेपुरती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात.

होस्टेलच्या पोरांना रविवारची रात्र म्हणजे काय ते सांगायला नको. दुपारी मेसमध्ये फीस्ट, आणि मग मेस बंद. रात्रीचं ज्याचं त्याने बघायचं. खिशात पैसे असले तर गावात जाऊन अंडा राईस. महिन्याची अखेर असली तर बिस्किटाचा पुडा आणि वर तांब्याभर पाणी. उरलेले सगळे मॅगीवाले. आता मॅगी कशावर करतात? इथे सगळे एकमेकांकडे बघतात. ठीक आहे, मीच बोलतो. कॉइलवर.

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एकाला शॉक बसला. उघड्या कॉइलच्या शेगडीवर स्टीलचा गंज ठेवलेला, त्यात उकळतं पाणी, आणि याने स्टीलचाच चमचा घालून ढवळलं. हात झटकला गेला, गंज उलटला, पाणी पायावर. जीव वाचला हे नशीब. पण भाजलेल्या पायात बूट जाईना, पंधरा दिवस तो चपलेवर फिरला. मशिन्सच्या लॅबला चप्पल चालत नाही, त्यामुळे प्रॅक्टिकल बुडाली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी रूम चेकिंग झालं. अकरा कॉइल जप्त, अकरा जणांना दंड. आठ दिवसांत बाजारातून नव्या कॉइल आल्या. मी कोणाला दोष देत नाही. रेक्टर सरांच्या जागी मी असतो तर मीही जप्तच केल्या असत्या. फक्त एवढंच विचारतो, की भूक कशी जप्त करणार?

आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा थोडं गणित करू. ती नायक्रोमची तार मातीच्या खोबणीत उघडीच असते. भांड्याचं बूड तिला टेकलं की भांडं लाइव्ह. त्यात प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगचा विषयच नाही. शिवाय २००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर खेचते आणि आपल्या रूममधलं सॉकेट ६ अँपिअरचं आहे. सॉकेट काळं का पडतं, स्विच दाबताना चटचट आवाज का येतो, याचं उत्तर फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये दिलेलं आहे. पेपरात आपण ते बरोबर लिहितो आणि रूमवर येऊन मॅगी टाकतो!

आता खिम्याकडे येतो.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत शिकतो. एकदा फोनवर मी रविवारचं रडगाणं गायलो, तेव्हा त्याने त्याची नेहमीची रेसिपी इंग्रजीत पाठवली. एकच पसरट तवा, त्यात टर्कीचा खिमा, हाताला येतील त्या भाज्या, अर्ध्या तासात जेवण. टर्की तिकडे स्वस्त आणि कमी चरबीची, म्हणून एकटी राहणारी पोरं तीच खातात म्हणे. मी रूममेटला वाचून दाखवलं. तो आमगावकडचा. म्हणाला, "काहून बे, टर्की काय गोंदियाच्या बाजारात भेटते काय?" नाही भेटत. पण कोंबडी तर भेटते! (जाता जाता एक गंमत. टर्की पक्ष्याचा तुर्कस्तानशी काही संबंध नाही, तो मूळचा अमेरिकेतला. पण आपला खिमा हा शब्द मात्र तुर्की भाषेतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आहे.)

आमचे दोन मित्र गावात रूम करून राहतात. त्यांच्याकडे गॅस आहे, म्हणून पहिला प्रयोग तिथे झाला. सांगायला लाज वाटते, पण वयाच्या विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कांदा चिरला. पहिला खिमा अक्षरशः उकडलेल्या रबरासारखा झाला. चार रविवार गेल्यावर जमलं, आणि का जमत नव्हतं तेही कळलं. ते लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही.

तीन जणांना पाव किलो बोनलेस चिकनचा खिमा पुरतो. दुकानदाराला सांगितलं की तो समोरच कोयत्याने बारीक करून देतो. आणायचा तो त्याच संध्याकाळी आणि लगेच करायचा. आपल्याकडे फ्रीज नाही, आणि खिमा अख्ख्या तुकड्यापेक्षा लवकर खराब होतो, कारण बाहेरचे जंतू बारीक करताना आतपर्यंत मिसळतात. भाज्या आधी चिरून घ्यायच्या, मांसाला हात नंतर, आणि मग हात न् सुरी साबणाने धुवायची. भाज्या म्हणजे दोन कांदे, एक गाजर, मूठभर बरबटी, एक शिमला मिरची, दोन टमाटर. थंडीच्या दिवसांत पोपटाचे दाणे मिळाले तर गाजर नसलं तरी चालतं.

तवा आधी चांगला तापू द्यायचा. आमची चूक इथेच व्हायची. थंड तव्यात तेल, कांदा, टमाटर, खिमा सगळं एकदम लोटायचो. सगळ्यांचं पाणी सुटायचं आणि पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. म्हणजे आपण भाजत नसतो, उकडत असतो. खरपूस चव येते ती १४० अंशांच्या पुढे, मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्या रिअ‍ॅक्शनमधून. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने ती १९१२ साली मांडली. केमिस्ट्रीच्या तासाला हे असं शिकवलं असतं तर माझे मार्क वाढले असते, असो. सांगायचं काय, तर तेल तापलं की एकटा खिमा पातळ पसरायचा आणि दोन-तीन मिनिटं त्याला हात लावायचा नाही. सारखा सराटा फिरवायची खाज फार येते, पण दम धरायचा. खालून तांबूस झाला की उलटायचा, गुठळ्या फोडायच्या आणि ताटलीत काढून ठेवायचा. आत कच्चा असला तरी काळजी नको, तो परत तव्यात येणार आहे.

त्याच तव्यात, त्याच चिकटलेल्या तपकिरी थरावर कांदा. मग आलं-लसूण ठेचून. मग गाजर आणि बरबटी, कारण त्यांना वेळ लागतो. हळद, तिखट, धनेपूड. टमाटर घातले की त्यांच्या पाण्याने बुडाला चिकटलेलं सगळं सुटतं, आणि खरी चव त्यातच असते. आता खिमा परत घालायचा, मीठ, वर झाकण, आठ-दहा मिनिटं. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना जायला पाहिजे. थर्मामीटर आपल्याकडे नाही, तेव्हा गुलाबी कण कुठेही दिसता कामा नये हा नियम. शिमला मिरची शेवटच्या तीन मिनिटांत. वरून सांभार (पुण्याकडची कोथिंबीर).

पंचवीस मिनिटं, एक तवा. पाव किलो चिकनमध्ये साधारण ५० ग्रॅम प्रोटीन असतं. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या पोराला ५० ग्रॅम. तिघांत वाटलं तर प्रत्येकाची एक तृतीयांश गरज एका जेवणात भागली. मॅगीच्या पाकिटावर मागे काय छापलंय ते तुम्हीच वाचा. मला मॅगीशी भांडायचं नाही.

एक कबुली. एक तवा हे अर्धसत्य आहे, कारण आपल्याला भात लागतो. रूममेट घरून एचएमटी तांदूळ आणतो. (ही जात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात एकेक ओंबी निवडून तयार केली. डिग्री नाही, लॅब नाही. २०१८ साली ते वारले. आपण त्यांचा भात खातो आणि नाव घड्याळाच्या कंपनीचं घेतो.) तर भातासाठी छोटा कुकर लागतोच. ब्रेडवर भागवलं तर मात्र एक तवा पुरे.

मी ही अमेरिकन आयडिया मोठ्या उत्साहाने सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तेव्हा रूममेट एकदा हळूच म्हणाला, "माझी माय रोवणीच्या दिवसांत हेच करते." रोवणी म्हणजे धानाची लावणी, हे माझ्यासारख्या नागपूरवाल्यांसाठी सांगतो. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची, अंधार पडता पडता घरी यायचं, आणि चुलीवर एक कढई. वांगं, सुके झिंगे, तिखट, मीठ. बाजूला भात. अर्ध्या तासात सहा माणसं जेवून उठतात. तिने त्याला कधी रेसिपी म्हटलं नाही, कोणाला इंग्रजीत लिहून पाठवली नाही. मी गप्प बसलो. घरी आई स्वयंपाक करायची तेव्हा मी शेजारच्या खोलीत टीव्ही बघत असायचो, हे आठवलं. आमच्यातल्या किती जणांना हे आठवावं लागेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता मागणी. होस्टेलमध्ये तळमजल्यावर, मेसच्या भांडारामागे एक खोली रिकामी पडली आहे. तिथे दोन इंडक्शन बसवा. इंडक्शनमध्ये लाइव्ह तार उघडी नसते. वरची काच असते आणि खालच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच एडी करंट तयार होऊन भांडं तापतं. फॅरेडेने १८३१ मध्ये इंडक्शन शोधलं, आपल्या होस्टेलमध्ये ते अजून यायचं आहे! भांडं लोखंडी बुडाचं आणि सपाट हवं, ॲल्युमिनियमचं चालत नाही. लोहचुंबक चिकटला की पास. १६ अँपिअरची दोन सॉकेट, नीट अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होणारा आरसीसीबी. वायरिंग आम्ही थर्ड इयरवाले सरांच्या देखरेखीखाली करून देऊ, मिनी प्रोजेक्ट समजा. विजेचं म्हणाल तर सरासरी १२०० वॅट धरून पंचवीस मिनिटांना अर्धा युनिट. तेवढी वीज कॉइल आजही खातच आहे, फक्त चोरून.

वास येईल, घाण होईल, असं मेसचे काका म्हणतात. येईल. एक्झॉस्ट फॅन लावा आणि रजिस्टर ठेवा. ज्याचं नाव त्याने खोली धुवायची, नाही धुतली तर महिनाभर बंदी. यावर मला जास्त बोलायचं नाही, हे पोरांनी करून दाखवायचं आहे.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र शुद्ध शाकाहारी. दुसऱ्या रविवारी आम्ही तवा घासून त्याच तव्यात त्याची भाजी करून दिली. मोठा उपकार केल्यासारखी. तो काही बोलला नाही. त्याने भात आणि लोणचं खाल्लं, भूक नाही म्हणाला आणि लवकर निघून गेला. मला तेव्हा रागच आला होता. घासलेला तवा आहे, मग काय झालं? रूममेटने रूमवर आल्यावर झापलं, "त्याले जेवाले बोलावलं की लाजवाले?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघांनी वर्गणी काढून दुसरा तवा आणला. दांड्याला लाल दोरा बांधला. त्यात सोयाबीनच्या वड्यांचा बारीक चुरा जातो. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, घट्ट पिळायचा, आणि पुढे सगळं खिम्यासारखंच, तीच भाजी, तोच मसाला. सराटाही वेगळा. पहिल्यांदा त्याचा तवा आधी चढवला, आमचा नंतर. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि भांडी घासायला थांबला. खरं सांगू, सोयाचा जास्त चांगला झाला होता, कारण पिळल्यामुळे त्यात पाणीच नव्हतं. म्हणून मागणीत आम्ही लिहिलंय की भांड्यांचे दोन सेट आणि दोन कपाटं, आणि शाकाहारी बाजूच्या इंडक्शनवर आमचं काही चढणार नाही.

अर्ज तयार आहे. आतापर्यंत ४३ सह्या झाल्या आहेत. त्यात जप्तीतले अकराही जण आहेत, आणि ज्याचा पाय भाजला होता त्याची सही सगळ्यात वर आहे. कागद माझ्या टेबलावर डिक्शनरीखाली ठेवलाय. शनिवारी सर राउंडला येतात तेव्हा देणार आहोत, शुक्रवार रात्रीपर्यंत सही करून जावी. पेन घेऊन या, माझं कोणीतरी नेलंय.