संगणकावरचा सौदा आणि सिल्लोडचा व्यापारी

शेतमालाच्या बाजारात संगणक आला, त्याला आता दशकभराचा काळ लोटत आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजाराचा प्रारंभ केला, तेव्हा आठ राज्यांतील अवघ्या २१ बाजारपेठा त्यात होत्या. पुढे ही संख्या हजारावर गेली. एका आवारात आलेल्या मालावर देशातील कोणत्याही परवानाधारक खरेदीदाराला बोली लावता यावी, ही या योजनेमागील कल्पना. तिच्या इष्टतेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि या मार्गाने होणारे बहुतांश सौदे आजही त्याच आवारातील व्यापाऱ्यांमध्ये होतात आणि दूरच्या खरेदीदाराचा वाटा अल्पच राहिला आहे. असे का व्हावे, याचा विचार तालुक्याच्या बाजारपेठेत उभे राहून केला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर-जळगाव मार्गावरील सिल्लोड हे अशा विचारासाठी योग्य ठिकाण होय. मका आणि कापूस ही या तालुक्याची मुख्य पिके. मिरचीचाही येथे मोठा व्यापार. दिवाळीच्या सुमारास ओला मका बाजारात येऊ लागतो. त्याचे दाणे हातात घ्यायचे, दाताखाली एखादा फोडून पाहायचा आणि ओलाव्याचा अंदाज बांधून भाव बोलायचा, ही व्यापाऱ्याची पिढीजात रीत. हमीभावाच्या खरेदीसाठी मक्यातील ओलावा १४ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. नव्या मालात तो पुष्कळदा याहून बराच अधिक असतो, आणि त्या अधिक ओलाव्यापोटी किती वजन वजा धरायचे यावरच सौद्याचे सारे गणित अवलंबून असते. सांगली किंवा नामक्कल येथील कुक्कुटखाद्याच्या खरेदीदारास हे दाणे दिसत नाहीत. ओलावा, काडीकचरा, बुरशी यांचा विश्वसनीय दाखला त्याच्यापुढे नसेल, तर तो बोली लावणार नाही, अथवा धोका गृहीत धरून कमी भावाची लावील. यंत्र बोली पोहोचवू शकते. मालाची पारख मात्र कोणीतरी आधी करून ठेवावी लागते.

या दृष्टीने शेजारच्या कर्नाटकाचा अनुभव उद्बोधक आहे. त्या राज्याने २०१४ पासून आपल्या बाजारपेठा एका संगणकीय व्यवस्थेत जोडल्या. तिच्या परिणामांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भात, भुईमूग आणि मका यांचे भाव या व्यवस्थेमुळे साधारणतः साडेतीन ते पाच टक्क्यांनी वाढले. कापूस, मूग आणि तूर यांच्या भावांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे एकच यंत्रणा सर्व मालाला सारखी लाभत नाही. कापसाचे मोल धाग्याची लांबी, ओलावा आणि स्वच्छता यांवर ठरते, आणि गाडीगाडीनुसार ते बदलते. सिल्लोडच्या दोन प्रमुख पिकांपैकी मक्याला संगणकीय लिलाव लाभण्याचा संभव अधिक, हे यावरून दिसते. प्रारंभ मक्यापासून करावा आणि कापसासाठी आधी तपासणीची सोय उभारावी, हा व्यवहार्य क्रम ठरेल.

दुसरा प्रश्न पैशाचा. लहान खरेदीदार व आडते नव्या पद्धतीस विरोध करतात, याचे कारण त्यांना जुनी अपारदर्शकता सोडवत नाही, असे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. मापात, कपातीत आणि हिशेबपट्टीत शेतकऱ्याची जी नाडणूक होत आली, तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु या व्यापाऱ्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. शेतकऱ्याला रोकड चुकती करायची, आणि तोच माल घेणाऱ्या मोठ्या गिरणीकडून वा कारखान्याकडून आपले पैसे येण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, अशा कात्रीत तो सापडतो. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले. व्यापाऱ्यांना मात्र २०२१ साली या वर्गात घेताना त्यांचा लाभ अग्रक्रमाच्या बँक कर्जापुरताच मर्यादित ठेवण्यात आला. संगणकावर सौदा क्षणात होतो आणि शेतकऱ्याचे पैसेही ताबडतोब द्यावे लागतात. पुढची येणी मात्र पूर्वीच्याच गतीने येतात. ज्याच्याकडे भांडवल आहे, तोच या शर्यतीत टिकणार.

येथेच खरा धोका आहे. सिल्लोडचे पाचपन्नास लहान खरेदीदार मागे पडले, तर त्यांची जागा गोदामे आणि भांडवल बाळगणाऱ्या दोनचार मोठ्या कंपन्या घेतील. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्यापासून या पिकाकडे मोठ्यांचे लक्ष वळलेच आहे. बोली लावणारेच उरले नाहीत, तर लिलाव पडद्यावर झाला काय आणि ओट्यावर झाला काय, शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

यास्तव बाजार समित्यांनी आणि राज्याच्या पणन खात्याने खर्चाचा क्रम बदलावा. आवारात प्रथम विश्वासार्ह ओलावामापक, मका वाळविण्याची आणि चाळण्याची सोय, व निकाल लगेच देणारी तपासणी हवी. त्या तपासणीवर व्यापारी व शेतकरी या दोघांचेही प्रतिनिधी देखरेख करतील, तरच तिच्यावर विश्वास बसेल. २०१७ साली सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक गोदाम पावतीच्या तारणावर शेतकऱ्याला आणि लहान व्यापाऱ्यालाही तालुक्याच्या बँकेतून सुलभ कर्ज मिळावे. मोठ्या खरेदीदाराने लहान व्यापाऱ्याचे पैसे मुदतीत देण्याचे बंधन कायद्यात यावे. एवढे केल्यास सिल्लोडचा व्यापारी संगणकासमोर बसण्यास कचरणार नाही. ते न करता केवळ लिलावगृहात पडदे लावले, तर पडद्यावर आकडे उमटतील आणि भाव पूर्वीप्रमाणेच ओट्यावर ठरत राहील.