एकांची माळ

अकरा ही मूळ संख्या. मग एकशे अकरा? नाही, ३ गुणिले ३७ केले की १११ येतात. १,१११ म्हणजे ११ गुणिले १०१, आणि ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. असे नुसते एक मांडत गेलो, तर ११ नंतरची मूळ संख्या कधी भेटते? थेट १९ एकांवर. त्यानंतर २३, मग ३१७, मग १,०३१ एकांवर.

या माळेला एक नियम आहे. एकांची संख्या फोडता आली, तर माळही फुटते. सहा एक घ्या : १११ गुणिले १,००१ केले की १,११,१११ तयार. म्हणजे एकांची संख्या स्वतः मूळ असावीच लागते. पण तेवढ्याने भागत नाही. तीन, पाच आणि सात एकांच्या संख्या तरीही फुटतात.

एकांच्या या माळेत रमलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणजेच ६१७४ या संख्येमुळे जग त्यांना ओळखते. मला मात्र त्यांच्या डेम्लो संख्या अधिक आवडतात. डेम्लो हे आजच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव; त्यावरूनच या संख्यांचे नाव पडले. एकांच्या माळांचे वर्ग हे त्यांचे नमुने : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२,३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. वर्ग असल्यामुळे यांपैकी एकही मूळ नाही. पण याच धर्तीवर, मध्ये १० घालून लिहिलेली १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मात्र मूळ आहे!

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकी संशोधकाला तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. १३,६२,७९,८४१ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. उत्तर ४,१०,२४,३२० अंकी येते. मात्र संगणकाच्या द्विमान पद्धतीत तीच संख्या लिहिली, तर तिच्यात एकाखेरीज दुसरा अंकच नाही. तीही एकांचीच माळ! नियमही तोच : त्या एकांची संख्या, १३,६२,७९,८४१, स्वतः मूळ आहे. जगभरचे शक्तिशाली संगणक जिच्यासाठी राबले, त्या संख्येचा स्वभाव देवळालीच्या मास्तरांच्या वहीतल्या आकड्यांशी इतका जुळतो, याचा मला मनापासून आनंद होतो.

पुन्हा आपल्या दशमान माळेकडे : १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ मध्ये सिद्ध झाले. कापरेकर गेले तेही त्याच वर्षी. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न आजही खुला आहे.

गणित म्हणजे पाठांतर आणि गुण, अशी समजूत आपणच मुलांच्या मनात रुजवतो. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे : या आठवड्यात मुलांना सात एक लिहून द्या आणि त्या संख्येचे अवयव शोधायला सांगा. २३९ गुणिले ४,६४९ हे उत्तर मात्र आधी सांगू नका. ते त्यांचे त्यांना सापडू द्या.